पहिलं हॅलोवीन आणि नवी गाडी

सप्टेंबरअखेर न्यू जर्सीतल्या एडिसनला येताय, मुलगा सहा वर्षांचा आहे, आल्या आल्या गाडी घेणार, तर हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, मुलं सोंगं घेऊन घरोघर कँडी मागत फिरतात तेव्हा, ती बाहेर काढावी का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या वर्षी तरी पाच ते नऊ गाडी दारातच राहू द्या. ऑफिसातून लवकर निघा, त्या दिवशी पोरंबाळं असलेले बरेच जण तेच करतात.

पार्ट्या सुटल्यावर मध्यरात्री धोका असतो, असा अनेकांचा समज. तोही असतोच. पण २०१८ साली बालरोगांवरच्या वैद्यकीय नियतकालिकात, 'जामा पीडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये १९७५ ते २०१६ या काळातल्या अमेरिकेतल्या अपघातांचा अभ्यास आला होता. आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींच्या तुलनेत हॅलोवीनला पादचारी दगावण्याचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त, चार ते आठ वर्षांच्या मुलांना तर दहापट, आणि सगळ्यात वाईट वेळ सहाच्या सुमाराची. उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, ३१ला अजून नाही, त्यामुळे त्या दिवशी न्यू जर्सीत सूर्य सहाच्या आगेमागे मावळतो. म्हणजे ऑफिसं सुटतात, अंधार पडतो आणि मुलं कँडी गोळा करायला निघतात, सगळं एकदमच.

गाडी काढावीच लागली, तर डावं वळण सांभाळा. भारतात उजवीकडे वळताना समोरची वाहनं बघावी लागतात, इथे डावीकडे वळताना. नव्या माणसाचं सगळं लक्ष तिकडे जातं आणि ज्या रस्त्यावर वळतोय तिथल्या क्रॉसवॉकमधलं (पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरचं) पोर गाडीच्या पुढच्या काचेकडेच्या खांबाआड राहतं. वस्तीत मर्यादा बहुधा ताशी २५ मैल असते; त्या संध्याकाळी पंधराच्या वर जाऊ नका. पुढची गाडी कुणाला रस्ता ओलांडू देण्यासाठी थांबली असेल, तर तिला ओव्हरटेक करणं इथे बेकायदा आहे. आपल्याकडची हॉर्न मारून पुढे काढायची सवय विमानतळावरच सोडून या.

मुलाला गाडीतून दुसऱ्या वस्तीत न्यायचं असेल, तर आठ वर्षांखालच्या आणि ५७ इंचांहून कमी उंचीच्या मुलाला मागच्या सीटवर हार्नेसची (स्वतःचे पट्टे असलेली) किंवा बूस्टर (मुलाला उंच बसवणारी) सीट लागते. फुगीर पोशाखावरून पट्टा नीट बसत नाही, तेव्हा पोशाख पोचल्यावर चढवा. मुखवट्याऐवजी चेहरा रंगवा. काळा बॅटमॅन हवाच असेल (हवाच असतो!), तर पाठीवर आणि पिशवीवर चमकणारी टेप लावा. एका बाजूची घरं संपवून मग कोपऱ्यावरच रस्ता ओलांडा. साइडवॉक (फुटपाथ) नसेल तिथे डाव्या कडेने चाला, कारण इथे समोरून येणारी वाहनं त्या बाजूला असतात.

आणि ३०च्या रात्री, तिला इथे मिसचीफ नाइट म्हणतात, टवाळ पोरं गाड्यांवर अंडी फेकतात. गॅरेज असेल तर गाडी आत घ्या. सकाळी डाग दिसले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, वाळलेलं अंडं रंग खातं. पैसे वाचवायला नुसता लायबिलिटी इन्शुरन्स (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा) घेतला असेल, तर ही भरपाई मिळत नाही. त्यासाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे अपघाताखेरीज स्वतःच्या गाडीचं होणारं नुकसान भरून देणारा विमा लागतो.