देह न मिळालेल्या खलाशाची स्मृती कशी जपावी?

आपले पणजोबा दुसऱ्या महायुद्धात एका ब्रिटिश मालवाहू जहाजावर आगवाले, म्हणजे बॉयलरची भट्टी पेटती ठेवणारे कामगार, होते, पाणतीर (टॉर्पेडो) लागून ते जहाज बुडाले, देह कधीच हाती लागला नाही, आणि आता त्यांची स्मृती कशी जपावी, असे आपण विचारले आहे. माझ्या आजोबांचे थोरले बंधू असेच गेले. घरात त्यांच्याविषयी ‘बोटीवर गेला तो आलाच नाही’ एवढे एकच वाक्य उरले होते, म्हणून या प्रश्नाच्या मागे मी काही वर्षे घालवली आहेत.

माझे पहिले सांगणे असे की, शिळा किंवा विधी यांचा विचार करण्याआधी त्यांचे नाव, जहाज आणि तारीख या तीन गोष्टी निश्चित कराव्यात. युद्धात मरण पावलेल्यांची नोंद ठेवणारी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था १९१७ साली स्थापन झाली आणि तिची नामावली संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या सुमारे ३६,००० व्यापारी खलाशांची व मच्छीमारांची नावे कोरलेली आहेत, परंतु भारतीय व्यापारी नौदलातील माणसांची नावे तेथे शोधू नयेत. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे ६,००० भारतीय व्यापारी खलाशी आणि नौदलाचे ४०० हून अधिक नौसैनिक यांची नोंद मुंबई व चितगाव (आता बांगलादेशात) या जोडस्मारकाखाली केलेली आहे, आणि ही नावे दगडावर कोरलेली नसून नामावलीच्या ग्रंथात लिहिलेली आहेत. हा फरक मला आजही बोचतो. पहिल्या महायुद्धातील आशिया व आफ्रिकेच्या मृतांच्या स्मरणात भेदभाव झाला, हे त्या संस्थेने २०२१ च्या अहवालात स्वतःच मान्य केले आहे.

शोधताना खरी अडचण नावाच्या लेखनाची येते. भरतीच्या वेळी कारकुनाच्या कानावर जसे पडले तसे नाव रोमन लिपीत उतरले, कधी आडनाव गळले, कधी वडिलांचे नावच आडनाव झाले. आमच्या आजोबांच्या बंधूंचे नाव आम्हाला तीन निरनिराळ्या प्रकारे लिहून पाहूनही सापडले नाही. शेवटी जहाजाच्या नावावरून सर्व मृतांची यादी काढली आणि एकेक नाव मोठ्याने वाचत गेलो, तेव्हा वडिलांचे नाव व गाव यांवरून ओळख पटली. आपणही जहाजापासूनच सुरुवात करावी. त्याच यादीत इतर आगवाले आणि कोळसेवालेही दिसतील, कारण ही माणसे पाण्याच्या पातळीखाली, बॉयलरजवळ काम करत, आणि पाणतीर तेथे लागला तर वर येण्यास त्यांना सवडच मिळत नसे.

नाव सापडले पण चुकीचे लिहिलेले असेल, तर जुनी पत्रे, नोकरीची नोंदवही किंवा भरपाईचे कागद जोडून त्या कमिशनकडे दुरुस्तीची मागणी करता येते. नाव नसेलच, तर ते समाविष्ट करण्यासाठीही अर्ज करता येतो. मात्र मृत्यू ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातील असावा लागतो, आणि व्यापारी खलाशाच्या बाबतीत तो युद्धामुळे झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. जहाजावर साध्या आजाराने आलेला मृत्यू त्यात धरला जात नाही.

विधींबद्दल आपण वेगळे विचारलेले नाही, तरी देह नसल्यामुळे काहीच करता येत नाही, अशी समजूत अनेक घरांत असते, म्हणून लिहितो. हिंदू परंपरेत देह न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिकृती करून दहन करण्याचा विधी सांगितलेला आहे, आणि शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचे श्राद्ध पितृपक्षातील चतुर्दशीला करतात. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई या इस्लामी धर्मशास्त्राच्या मताचे असून त्या मतानुसार देह समोर नसतानाही जनाज्याची नमाज पढता येते, शिवाय बुडून मेलेल्याला शहीदाचा दर्जा आहे. कॅथलिक ख्रिस्ती कुटुंबे २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतात. यांपैकी कोणत्याही विधीला कबरीची गरज नाही.

घरात काय ठेवावे, याविषयी मात्र माझे मत ठाम आहे. नुसते ‘महायुद्धात कामी आले’ असे लिहू नये. जहाजे कोठे बुडाली याच्या नोंदींत बहुधा अक्षांश व रेखांश दिलेले असतात, ते अवश्य शोधावेत. आमच्याकडे आजोबांच्या बंधूंचा फोटो नाही. त्या जागी चौकटीत एक कागद आहे, त्यावर त्यांचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, हुद्दा, जहाज आणि तारीख लिहिलेली आहे, आणि खाली समुद्रातील ती जागा अंश व कलांत नोंदवलेली आहे. माझ्या आत्याने तो कागद पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिने नकाशा मागवला आणि त्या जागेवर बोट ठेवून ती बराच वेळ बसून राहिली.