चुकीच्या पाकिटात चुकीचं पान: कॅमेरा लावून थांबेल का?

प्रश्न: आमचं रबाळे एमआयडीसीत नोटिसा छापून, पाकिटात भरून पोस्टात टाकायचं छोटं युनिट आहे. मागच्या महिन्यात घणसोलीच्या एका माणसाच्या पाकिटात कळव्याच्या बाईंच्या पॉलिसीचं दुसरं पान गेलं आणि त्याने फोटो काढून थेट आमच्या क्लायंटलाच पाठवला. आता क्लायंट म्हणतो कॅमेरा लावा नाहीतर काम बंद. पाकिटं भरायचं मशिन जुनं आहे, पानाच्या कडेच्या काळ्या रेघा वाचतं. सेल्सवाला म्हणतो मशिनच्या प्रत्येक स्टेशनला, म्हणजे टप्प्याला, कॅमेरा लावा. कोटेशन बघून झोप उडालीय हो.
– एक वाचक, रबाळे

उत्तर: कोटेशन दोन दिवस ड्रॉवरमध्ये राहू द्या. त्या रेघा म्हणजे ओएमआर, त्यांना एवढंच कळतं की अजून पान यायचंय की हे शेवटचं. काही जॉबमध्ये क्रम मोजायच्या रेघाही असतात, पण तीन रेघा असतील तर मोजणी 0 ते 7 आणि मग परत 0, म्हणजे एक संच, एका पाकिटाची सगळी पानं, गळला तर मशिन थांबेल, पण बरोबर आठ गळले तर खुशाल पुढे जाईल. पान कोणाचं आहे हे रेघेला माहीतच नसतं.

त्यामुळे आधी रेघांच्या जागी डेटा मॅट्रिक्स छापा, तो ठिपक्यांचा छोटा चौकोन, एक्सपोर्टच्या औषधाच्या खोक्यावर असतो तसा. त्यात जॉब नंबर, पाकिटाचा क्रमांक आणि पान 2 पैकी 2, बस. नाव किंवा पॉलिसी नंबर अजिबात घालू नका, मोबाइलवर कोणीही वाचेल. कोड थोडा घासला तरी वाचला जातो, फक्त भोवती कोरी जागा सोडा. पहिल्या पानावरचा कोड पाकिटाच्या विंडोतून, म्हणजे पत्त्याच्या पारदर्शक खिडकीतून, दिसेल असा ठेवला तर पाकीट बंद झाल्यावरही वाचता येतो, पण भरलेलं पाकीट चारही बाजूंनी टेबलावर आपटून बघा, आत पत्र सरकून कोड लपत असेल तर डिझाइन बदला.

हा कोड वाचायला कॅमेरे दोन पुरे, एक पानं गोळा होतात तिथे, एक बाहेर पडताना. आणि जो जॉब एकाच पानाचा आहे, विंडो पाकिटात जातो, त्यात जुळवायचं काही नाहीच, तिथे बाहेरचा एक बास.

आता खरी गोष्ट. वागळे इस्टेटला एका ठिकाणी मी रात्रपाळी बघायचो आणि तिथे कॅमेरा होता. पावसाळ्यात कागद ओल धरतो, दोन पानं चिकटून ओढली जातात, की झाला जॅम. ऑपरेटर झाकण उघडून पानं उपसायचा, जी बरी दिसतील ती हाताने पाकिटात भरायचा आणि गठ्ठ्यात सरकवायचा. ती कॅमेऱ्यासमोरून गेलीच नाहीत! सकाळी रिपोर्ट शंभर टक्के दिसावा म्हणून आम्हीच त्यांना ‘मॅन्युअल ओके’ मारलं. नंतर कळलं की दोघांना नोटीस दोनदा गेली आणि एकाला गेलीच नाही. तुमच्याकडेही पहिलं नाही, दोन नंबरचं पान चुकलंय ना, मला तरी जॅम काढतानाचाच घोळ वाटतो.

म्हणून रिजेक्ट टेबलावर एक साधा हँड स्कॅनर ठेवा. खराब झालेला संच स्कॅन करून फाडायचा, रीप्रिंट त्या यादीवरूनच काढायचा आणि तोही मशिनमधूनच भरायचा. यादीतल्या प्रत्येक नंबरचा हिशोब लागल्याशिवाय गोणी गेटबाहेर जाऊ देऊ नका, टेम्पोवाला हॉर्न वाजवत बसला तरी.

क्लायंट उगाच घाबरलेला नाही, 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय झाली तर 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि ती मुख्यतः त्याच्यावर येते. सेल्सवाल्याला डेमोला बोलवा आणि त्याच्या नकळत गठ्ठ्यात तीन पानं उलटीसुलटी लावून ठेवा. तिन्ही पकडली तर कोटेशन ड्रॉवरमधून काढा.

प्रश्न: क्लायंटला पत्र पोस्टात टाकल्यावर कुठे पोचलं ते दिसायला हवंय. साध्या डाकेने जातं. पाकिटावर आपला बारकोड टाकला तर चालेल?
– एक वाचक, ठाणे पूर्व

उत्तर: नाही हो, तुमचा बारकोड पोस्ट कशाला वाचेल. अमेरिकेत टपाल खात्याचा स्वतःचा 65 रेघांचा कोड साध्या पत्रांवरही चालतो, सॉर्टिंग मशिन तो वाचत जातं, तिकडची ब्रोशरं बघून आपले क्लायंट मागणी करतात. आपल्याकडे माग हवा तर स्पीड पोस्टसारखी नंबरवाली सेवा घ्या. तिच्या नंबरातला नववा आकडा पडताळणीचा असतो: पहिल्या आठ आकड्यांना 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 ने गुणायचं, बेरजेला 11 ने भागायचं, बाकी 11 मधून वजा करायची. 12345678 ची बेरीज 204, बाकी 6, म्हणून शेवटी 5. टाइप करताना मधले 5 आणि 6 उलटे पडले तर उत्तर 7 येतं, चूक लगेच सापडते. उत्तर 10 आलं तर 0 धरा, 11 आलं तर 5. एक्सेलमध्ये एकदा फॉर्म्युला बसवून टाका.

तुमचा कोड वाया जात नाही म्हणा, परत आलेली पाकिटं त्यानेच स्कॅन करा, म्हणजे कुठले पत्ते मेलेत ते क्लायंटला यादीसकट देता येईल.