चार वर्षांची लेक, पिग्मीचे पैसे आणि इमॅजिकाची सहल

प्रश्न: आम्ही बेळगावात वडगावला राहतो. घर स्वतःचं आहे. यजमान उद्यमबागमध्ये सीएनसी मशीनवर आहेत, हातात २४,००० येतात. मी घरी ब्लाऊज शिवते, त्यात महिन्याला तीन-साडेतीन हजार सुटतात. मुलगी चार वर्षांची आहे. मे महिन्यात दीर-जाऊ त्यांच्या गाडीनं खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला चाललेत, आम्हालाही चला म्हणतात. भावजींनी आमच्या वाट्याचा १९,५०० रुपयांचा हिशोब काढलाय: डिझेल आणि टोल ४,५००, तिघांची तिकिटं ५,०००, लोणावळ्यात दोन रात्री ६,०००, खाणंपिणं ४,०००. पिग्मीत (एजंटकडे रोज थोडी थोडी भरायची ठेव) ३१,००० जमलेत, पण जूनमध्ये शाळेचे २८,००० भरायचे आहेत. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे १४,००० मी वेगळे ठेवलेत. यजमान म्हणतात पिग्मी मोडू. मला वाटतं माझे १४,००० घालावेत आणि उरलेले कार्डवर हप्त्यानं द्यावेत. गेल्या वर्षी पगार वाढला तशी ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) बंद झाली, दवाखान्याचा खर्चही आता हातातूनच होतो. मुलगी व्हिडिओ बघून रोज विचारते, कधी जायचं. काय करावं?

ताई, उत्तर आधी सांगतो: या मे महिन्यात जाऊ नका. पण इमॅजिका म्हणजे पैशाची उधळपट्टी, असं मी म्हणणार नाही, आणि तुमच्या मुलीची मागणी मला अजिबात वावगी वाटत नाही. जायचं आहेच. फक्त तीन वर्षांनी गेलात तर तेवढ्याच तिकिटात तिला कितीतरी जास्त मिळेल. आणि मधल्या काळात घरातलं एक मोठं भोक बुजवायचं आहे. ते तुम्ही पत्रात शेवटाला, जाता जाता लिहिलंय.

आधी पार्कचं बोलू. अशा पार्कमध्ये तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. फाटकाशी मापाची पट्टी असते, मूल तिच्याशी उभं करतात आणि त्यावरून दर ठरतो. बंगळूरजवळ बिडदीच्या वंडरलात ८५ सेंटिमीटरच्या आतलं मूल फुकट, ८५ ते १४० पर्यंत लहान मुलांचं तिकीट, त्याच्या वर मोठ्यांचं. इमॅजिकातही पद्धत हीच, माप थोडं इकडेतिकडे. चार वर्षांची मुलगी साधारण १०० ते १०३ सेंटिमीटर असते. म्हणजे फुकटची हद्द तुमच्या मुलीनं कधीच ओलांडली. लहान मुलांच्या तिकिटात मात्र ती दहाव्या वर्षापर्यंत, कदाचित थोडी पुढेही राहील.

आता तेच माप आतल्या प्रत्येक राइडच्या दारात पुन्हा लागतं. जोराचे झोके, उंचावरून खाली येणारे पाळणे, नायट्रोसारखा रोलर कोस्टर, या सगळ्यांना किमान उंची ठरलेली असते आणि तिथला कर्मचारी एक बोटभरही सोडत नाही. सोडूही नये, कारण सुरक्षेचा पट्टा त्या मापाच्या अंगासाठीच केलेला असतो. शंभर सेंटिमीटरच्या मुलीला मिळतात ते घोडे, छोटी आगगाडी, हळू फिरणारे कप आणि आईबापाच्या मांडीवर बसून जायच्या दोन-चार गोष्टी. तिनं व्हिडिओत जे बघितलंय त्यातलं बरंचसं तिला दारातून बघून परत फिरावं लागेल. अर्धा तास रांगेत उभं राहायचं आणि पट्टीपाशी ‘ही चालणार नाही’ ऐकायचं, हे त्या पोरीलाही जड जातं आणि तुम्हालाही. मग दोघांपैकी एकजण तिला घेऊन बाहेर बसणार आणि दुसरा जाणार. दोघांची तिकिटं मात्र पूर्ण.

सातव्या वर्षी मुली साधारण १२० सेंटिमीटरच्या होतात, नवव्या वर्षी १३० च्या पुढे जातात. तेव्हाही तिकीट लहान मुलांचंच असेल, पण आतली कितीतरी दारं उघडलेली असतील. सात ते नऊ ही वर्षं या खर्चाला सगळ्यात चांगली. लेक वाढते, दर तोच राहतो, असा हिशोब फार थोड्या ठिकाणी मिळतो.

लोक अशा वेळी म्हणतात, ‘एवढ्या लहान पोरीला काय आठवणार आहे?’ मला हे म्हणणं पटत नाही. आठवणीत राहिलं तरच पैसे वसूल, असं धरलं तर चार वर्षांच्या मुलाला जत्रेत पाळण्यातही बसवू नये. त्या दिवशी ती खूश होते, हे पुरेसं आहे. माझा आक्षेप एवढाच, की या वयात, मे महिन्याच्या उन्हात, चारशे किलोमीटरच्या वर गाडीत बसून गेल्यावर ती त्या दिवशी खूश होईल याचीच खात्री नाही. दुपारी झोपणारी मुलं तीन वाजता रांगेत रडतात. याच्या उलट एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे, ती लपवत नाही: पाच वर्षांच्या आत रेल्वेत वेगळी सीट न घेता मूल फुकट जातं. पण तुम्ही गाडीनं जाणार, त्यामुळं तो फायदा इथं लागूच नाही.

भावजींचा १९,५०० चा हिशोब प्रामाणिक आहे, पण पूर्ण नाही. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळं दिवसभराचं सगळं आतल्या दरानं घ्यावं लागतं. एका मुलासोबत ते दोनदा-तीनदा होतं. वॉटर पार्कला वेगळं तिकीट, स्नो पार्कला वेगळं. पाण्यात उतरायला नायलॉनचेच कपडे लागतात, नसतील तर भाड्यानं. लॉकरचं भाडं. जाताना मुलीला दोन ड्रेस, येताना लोणावळ्याची चिक्की. आणि यजमानांच्या तीन दिवसांच्या ओव्हरटाइमचं काय, हे तर कुणीच धरलेलं नाही. टोलमध्येही हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर आणि पुढे एक्सप्रेस वे, अशी रांग आहे. भावजींनी फास्टॅगचा वार्षिक पास काढला असेल तर हायवेचा वाटा कमी होईल, पण पुणे-मुंबई एक्सप्रेस वेला तो पास चालत नाही. सगळं धरून २५,००० च्या आसपास ठेवा.

आता पैसे कुठून, हा तुमच्या दोघांमधला मुद्दा. पिग्मी मोडू नका. रोज १०० प्रमाणे दहा महिने झाले असावेत, म्हणजे वर्षही झालेलं नाही. वर्षाच्या आत मोडली तर बऱ्याच ठिकाणी व्याज मिळत नाही, काही सोसायट्या मुद्दलातूनही कापतात. नियम पासबुकाच्या मागे छापलेला असतो, तो वाचा. फीच्या वेळीही मोडण्याऐवजी मुदत भरायला किती दिवस उरलेत ते एजंटला विचारा आणि शाळेला दोन हप्त्यांत फी भरायची विनंती करा. कधी कधी महिन्या-दोन महिन्यांच्या फरकानं व्याज वाचतं. आणखी एक: पैसे पतसंस्थेत असतील तर लक्षात घ्या, बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत जो सरकारी ठेवविमा असतो तो पतसंस्थेला नसतो. पिग्मी रोजच्या शिस्तीला उत्तम, मोठी रक्कम वर्षानुवर्षं ठेवायला नाही. जमली की बँकेत हलवा.

कार्डवर हप्ते ही तुमची सूचना मला पिग्मी मोडण्यापेक्षाही नको वाटते. हप्त्याच्या योजनेत प्रोसेसिंग फी लागते, व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि एखादा हप्ता चुकला तर बाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज सुरू होतं. वर्षाला ते ४० टक्क्यांच्या घरात जातं. गृहलक्ष्मीचे पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येतीलच असं नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्या भरवशावर हप्ता बांधू नका.

आणि आता ते भोक. पगार २१,००० च्या वर गेला आणि ईएसआय सुटली. तेव्हापासून, पत्रावरून दिसतं तसं, तुमच्या घरात कुणालाही आजारपणाचं कवच नाही. जमलेले सगळे मिळून ४५,००० आहेत. त्यातले २८,००० जूनमध्ये जाणार. उरतात १७,०००. यजमानांना मशीनवर काही झालं, पावसाळ्यात मुलीला डेंग्यू होऊन चार दिवस ॲडमिट करावं लागलं, तर १७,००० किती पुरतील? तुमच्या पत्रातलं मला झोप न येऊ देणारं वाक्य हेच आहे. मग सोनं गहाण पडतं, आणि ते सोडवायला दोन-तीन वर्षं जातात. आपल्या भागात मी ही वाट फार घरांतून बघितली आहे.

म्हणून त्या १४,००० चा पहिला हक्क आरोग्य विम्याचा. तुम्ही दोघं आणि मुलगी, पाच लाखांची एकत्र पॉलिसी. तिशीतल्या जोडप्याला वर्षाचा हप्ता कंपनीप्रमाणे साधारण १२ ते १८ हजारांत बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी काढून टाकलाय, त्यामुळं आधीपेक्षा ती स्वस्त पडते. सासूबाई सोबत असतील तर त्यांना याच पॉलिसीत घालू नका, कारण हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो. त्यांचं वेगळं बघा. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी आजाराला दावा चालत नाही. पावसाळ्याच्या आत घ्यायची ती यासाठी. कुणाला आधीपासून शुगर, बीपी असेल तर फॉर्मवर लिहा. लपवलेलं नंतर दाव्याच्या वेळी निघतं.

मग मुलीला काय सांगायचं? तिला या सुट्टीत न्याच, पण जवळ. भूतरामहट्टीचं राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय घरापासून तासाच्या आत आहे. तिथं सिंह, वाघ, बिबटे आहेत. चार वर्षांच्या पोरीला खराखुरा वाघ बघण्याचा आनंद कुठल्याही पाळण्यापेक्षा कमी नसतो. सकाळी लवकर जा, पोळी-भाजीचा डबा घ्या, उन्हं चढायच्या आत परत या, संध्याकाळी आईस्क्रीम. दुसरा दिवस हवा असेल तर कोल्हापूरच्या अलीकडे कणेरी मठ आहे. तिथलं सिद्धगिरी म्युझियम म्हणजे बारा बलुतेदारांचं आख्खं गाव उभं केलंय, माणसांच्या आकाराचे पुतळे आहेत, मोटेवरचे बैल आहेत. आजी सोबत असेल तर ती नातीला त्यातली प्रत्येक गोष्ट सांगू शकते. दोन्ही दिवस मिळून दोन-अडीच हजारांच्या वर खर्च जाऊ नये. तो तुमच्या शिवणाच्या पैशातून करा, मनावर ओझं न ठेवता.

जाऊबाईंना काय सांगायचं हा तुम्ही न विचारलेला प्रश्न, पण पत्रात तो जागोजागी दिसतो. सरळ सांगा: ‘जूनमध्ये शाळेचे पैसे भरायचेत, यंदा आमचं जमत नाही. पोरगी अजून लहान आहे, तिला तिथं फारसं कशात बसायला मिळायचं नाही.’ दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. उसन्या पैशानं त्यांच्यासोबत गेलात तर तिकडे प्रत्येक खर्चाला तुमचा जीव वरखाली होईल आणि तो त्यांनाही दिसेल. त्यापेक्षा एका संध्याकाळी सगळ्यांना घरी जेवायला बोलवा.

जुलैपासून, फी आणि विमा झाल्यावर, बँकेत वेगळी आरडी (दरमहा भरायची ठेव) काढा, महिन्याला १,०००. सहा टक्के व्याज धरलं तरी दोन वर्षांत साडेपंचवीस हजार होतात. त्यावर फक्त सहलीचा हक्क. मुलीच्या नावानं सुकन्या समृद्धीचं खातं असेल तर त्याचा भरणा या आरडीसाठी थांबवू नका. मुलगी सात वर्षांची झाली की दोन वाटा आहेत. पुण्याकडं कुणी जवळचं नातेवाईक असेल तर त्यांच्याकडं उतरा, लोणावळ्याचे ६,००० वाचतील. किंवा बंगळूरचं वंडरला. तिथवर कर्नाटकच्या साध्या बसनं गेलात तर शक्ती योजनेत तुमचं आणि मुलीचं तिकीट लागत नाही, एसी, स्लीपर आणि राजहंस गाड्या सोडून. रात्रभरचा बसचा प्रवास लहान मुलीला सोपा नाही, म्हणून जाताना राणी चन्नम्मा एक्सप्रेसचा स्लीपर आणि येताना बस, असंही करता येईल. जाताना सुट्टीचा आठवडा टाळा. कामाच्या दिवशी दरही कमी असतात आणि रांगाही.

एक गोष्ट मात्र उद्याच करायला सांगा. यजमानांनी कारखान्याच्या ऑफिसात विचारावं, ईएसआय सुटलेल्या कामगारांसाठी ग्रुप पॉलिसी घेतली आहे का, आणि त्यात बायको-मुलं धरली आहेत का. बऱ्याच कामगारांना असलेली पॉलिसी माहीत नसते. तशी असेल आणि रक्कम तीन लाखांच्या वर असेल, तर वेगळ्या विम्याची घाई नाही. तुमचे १४,००० मोकळे राहतील आणि आरडीही दोन वर्षं लागणार नाही. तसं असेल तर मला पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा, आपण तारीख पुन्हा ठरवू.