जगात मुस्लिम लोकसंख्या इतकी वेगाने का वाढतेय? धर्मांतरामुळे का?

नाही, मुख्य कारण तरुण वय आणि जास्त जन्मदर. धर्मांतराचा वाटा नगण्य. नागपुरात कॉलेजात भूगोल शिकवतो, त्यामुळे प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेचे आकडे हाताशी असतात: २०१० ते २०२० मध्ये मुस्लिम सुमारे ३४.७ कोटींनी वाढून २०० कोटींवर, जगाच्या चौथ्या हिश्शावर गेले. पण हा वेग कायमचा समजू नका. इराणमध्ये १९८०च्या दशकात बाईमागे सहा मुलं होती, विसेक वर्षांत दोनवर आली. भारतात मुस्लिमांचा प्रजनन दर, म्हणजे बाईमागे सरासरी मुलं, १९९२-९३ मध्ये ४.४ होता, २०१९-२१ मध्ये २.४. आमच्या मोमिनपुऱ्यातही आजीला आठ लेकरं अन् नातीला दोनच, असं सर्रास दिसतं. संख्या मात्र आणखी काही दशकं वाढेल, कारण आई होण्याच्या वयातल्या मुलीच आज जास्त आहेत.