मराठवाड्यातून कोकणातल्या समुद्रकाठच्या कला-निसर्ग-आरोग्य शिबिराला जाणं खरंच उपयोगाचं आहे का?

तुम्ही परभणीहून विचारलंय की कोकणात समुद्रकाठी चार रात्रींचं शिबिर आहे, सकाळी योग, दुपारी जलरंग, संध्याकाळी निसर्गफेरी. एवढा प्रवास आणि एवढे पैसे घालून जावं, की तेच सगळं घरी गच्चीवर करावं? मी अंबाजोगाईला शाळेत चित्रकला शिकवते. अशा शिबिरांना शिकायलाही गेलेय, शिकवायलाही. माझं म्हणणं, जा; पण पैसे भरायच्या आधी रोजचं वेळापत्रक मागवून घ्या आणि त्यात ओहोटीची वेळ लिहिलीय का ते बघा.

योग साडेसहा, नाश्ता आठ, निसर्गफेरी पाच, असं चारही दिवस एकच छापलेलं असेल तर समुद्र तिथं फोटोपुरताच आहे. भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज पाचला ओहोटी असेल तर तीन दिवसांनी त्याच पाचला बरेचसे खडक पाण्याखाली असतात आणि निसर्गफेरी म्हणजे नुसतं वाळूवरून चालणं होतं. ज्याला किनारा माहीत आहे तो माणूस योगाची वेळ सरकवतो, ओहोटीची सरकवता येत नाही.

हे आपल्याला घरबसल्या तपासता येतं. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट, सव्वाआठ. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण शिबिराच्या तारखा पारखायला पुरतो. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावर द्वितीया ते चतुर्थी या तिथी मला सगळ्यात सोयीच्या वाटतात. उधाणाचा, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचा, जोर अजून असतो, म्हणून पाणी लांबपर्यंत ओसरतं, आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं हलत नाही. तेव्हाच्या तारखा असतील तर पुढच्या तुकडीचं विचारा. भिंतीवरचं कॅलेंडर आपल्याकडे उपासतापास बघायलाच असतं, या कामालाही येतं.

आता ओहोटीला असं काय दिसतं? ओल्या वाळूवर मुगाएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली असते. मधे एक बारीक भोक आणि त्याच्याभोवती गोळ्यांच्या रांगा, किरणांसारख्या. हे काम नखाएवढ्या खेकड्याचं. तो वाळू तोंडात घेतो, कणांना चिकटलेलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. आपण जवळ गेलो की सटकन बिळात. पाचेक मिनिटं हालचाल न करता उकिडवं बसलं की हळूच बाहेर येतो आणि पुन्हा कामाला लागतो. मी मुलांना रांगोळीचे ठिपके काढायला लावते तेव्हा अंतर सारखं ठेवा म्हणून ओरडत असते. इथं कोणी न ओरडता अंतर सारखं असतं. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं, म्हणून चित्र तिथंच, पेन्सिलीनं, घाईत काढावं लागतं. कला आणि निसर्ग असे दोन वेगळे वर्ग छापायची खरं तर गरजच नाही. खडकांच्या डबक्यांत समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), शंखात राहणारे खेकडे दिसतात. मात्र खडकांना चिकटलेल्या कालवांची धार ब्लेडसारखी असते. मागे पट्टा असलेली रबरी सँडल घाला. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असेल तर अनवाणी मुळीच नको, शिबिरवाले ‘मातीशी नातं जोडा’ म्हणाले तरी.

जलरंगाचं मात्र घरी होणार नाही असं काही तिथं मिळतं. एप्रिलमध्ये आपल्याकडे आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, टाकला तर ब्रश उजव्या कडेला पोचेपर्यंत डावी कड वाळून रेघ उमटते. कोकणात हवेतच पाणी असतं. कागद बराच वेळ ओला राहतो, रंगात रंग मिसळायला सवड मिळते. ढग शिकायचे तर तिथंच शिकावेत. उलट बाजूही आहे, पहिला थर वाळायची वाट बघत बसावं लागतं, आणि घाईनं दुसरा टाकला की चिखल होतो. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड कागद न्या, पातळ ड्रॉइंग शीट पापडासारखी वाकते.

ज्या कारणानं तिथं कागद वाळत नाही त्याच कारणानं कूलर चालत नाही आणि घामही वाळत नाही. आपण 42 अंशांत वाढलेली माणसं, तिथल्या 33 अंशांना हसतो आणि दुसऱ्या दिवशी गळून जातो. म्हणून योगवर्ग उजाडताना हवा, नाश्त्यानंतरचा नको. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा; रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.

आरोग्याचा भाग या तिन्हींत मला सगळ्यात पोकळ वाटतो. ‘डिटॉक्स’, म्हणजे शरीरातली घाण बाहेर काढणं, हा शब्द दिसला की मी पान उलटते. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं बिनपैशात करतात. फायदा होतो तो लवकर जेवून लवकर झोपल्याचा, फोन खोलीत ठेवल्याचा आणि रोज चालल्याचा. त्याला आरोग्य म्हणायला माझी हरकत नाही, त्याचे वेगळे पैसे घ्यायला आहे.

शिबिर सिंधुदुर्गात असेल तर आणखी एक विचारा, कुडाळजवळच्या पिंगुळीला नेणार का? तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची कागदावरची चित्रं, एकेक पुढे धरून गाऊन सांगायची. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्या पैठणच्या नावानं जी जुनी कथाचित्रं ओळखली जातात, ती आणि पिंगुळीची शेजारी ठेवून बघा. तेच मोठे डोळे, तेच बाजूनं काढलेले चेहरे. गोदाकाठच्या माणसानं समुद्रापर्यंत जाऊन मंडला, म्हणजे वर्तुळातली नक्षी, रंगवत बसावं आणि हे न बघता परतावं, याचं मला वाईट वाटतं.

प्रवासाचं थोडक्यात. सोलापूर-कोल्हापूर करून आंबा घाटानं रत्नागिरी पडते. शिणवटा येतोच, म्हणून आदल्या संध्याकाळी पोचा. धपाटे बांधून न्या, दोन दिवस भात खाल्ला की आपल्या माणसाला ज्वारी आठवते.

आणि पैशांचाच प्रश्न असेल तर शिबिर सोडा, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जा. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. राहणं-जेवण गावातल्या घरांतच होतं. चित्रवही तुमची, योग तुमचा, समुद्र फुकट. फक्त अंडी कधी फुटतील ते कोणाच्या हातात नसतं, एखादी सकाळ रिकामी जाते. तेव्हा एका रात्रीचं ठरवू नका, दोन तरी राहा, आणि निघायच्या आदल्या दिवशी घरमालकाला फोन करून पिल्लं निघताहेत का विचारून घ्या.