रँकिनमधील तापमान सेल्सिअसमध्ये कसे आणावे?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील आपल्या फाउंड्रीत सापडलेल्या जुन्या अमेरिकी तक्त्यावरचे 3000 अंश रँकिन म्हणजे सुमारे 1393.5 अंश सेल्सिअस. रँकिनचा अंश फॅरेनहाइटएवढाच असून त्याची मोजणी निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे शक्य तितक्या सर्वांत कमी तापमानापासून, सुरू होते. म्हणून आकड्याला 1.8 ने भागून केल्विन मिळवावे आणि त्यातून 273.15 वजा करावेत. हे उत्तर बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ओतकामाच्या तापमानाशी जुळते, हा चांगला पडताळा आहे. मात्र तक्त्यात दोन तापमानांतील फरक दिला असेल, तर केवळ भागाकार करावा, वजाबाकी मुळीच करू नये: 90 अंश रँकिनचा फरक म्हणजे 50 अंश सेल्सिअसचा. रँकिनसाठी ‘आर’ (R) हे चिन्ह वापरतात; जुन्या युरोपीय पुस्तकांतील ‘आर’ मात्र बहुधा रेओमूर या जुन्या तापमान मापाचा असतो. त्या मापात पाणी 80 अंशांवर उकळते, म्हणून तेथे 1.25 ने गुणावे.