कीड की कीटण?

प्रश्न असा आहे: युरेशियातल्या स्टेप गवताळ प्रदेशात फिरणाऱ्या प्राचीन पशुपालकांच्या दातांवरच्या संशोधनाविषयी मराठीत लिहिताना ‘डेंटल कॅल्क्युलस’ला, म्हणजे दातांवर साचून कडक झालेल्या थराला, ‘दातातली कीड’ म्हणावं का? आणि कीटण हा शब्द कीड यावरूनच आलाय ना?

दोन्हींचं उत्तर नाही. आपण बोलतो कसं ते आठवा. कीड ‘लागते’, कीटण ‘बसतं’. कीड लागली की दात पोखरला जातो आणि आपण सिमेंट भरून घेतो. कीटण दातावर चढत जातं आणि डॉक्टर ते खरवडून काढतात. एकात दाताची झीज, दुसऱ्यात दातावर भर.

व्युत्पत्तीही वेगळी. संस्कृत ‘कीट’ म्हणजे किडा. दोन स्वरांमधल्या एकट्या ट चा मराठीत ड होतो (वट–वड, घोटक–घोडा), तसा कीट–कीड. कीटणाचं मूळ मात्र ‘किट्ट’ म्हणजे मळ, गाळ. तिथे ट्ट हे जोडाक्षर असल्याने ट टिकला आणि आधीचा स्वर दीर्घ झाला, जसा पट्ट–पाट. आयुर्वेदात अन्नाच्या पचनानंतर सार आणि किट्ट असे दोन भाग सांगितलेत, लोखंडाच्या मळाला लोहकिट्ट म्हटलंय. तेलाच्या बुधलीच्या तोंडाशी चिकट काळपट थर साचतो, त्यालाही आपण कीटणच म्हणतो. ग्रांथिक शब्द हवा असेल तर सुश्रुताच्या दंतरोगांत ‘दंतशर्करा’ आहे. शर्करा म्हणजे इथे बारीक खडे, आणि लॅटिन कॅल्क्युलसचा अर्थही खडाच. मला हा शब्द फार आवडतो, पण आजचा वाचक त्यात साखर शोधेल, म्हणून बातमीत कीटणच बरं.

या संशोधनात तर हा भेद सोडून चालतच नाही. दातावरच्या जिवाणूंच्या थरात लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट बसून तो माणूस जिवंत असतानाच दगडासारखा होतो. त्यात जिवाणूंचा डीएनए आणि खाल्ल्या-प्यायल्याची प्रथिनं अडकून हजारो वर्षं टिकतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रशियातल्या व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या भागातल्या प्राचीन माणसांच्या कीटणांची तपासणी झाली. ताम्रयुगातल्या ११ पैकी १० जणांच्या कीटणात दुधाचा मागमूस नव्हता. पुढच्या, सुरुवातीच्या कांस्ययुगातल्या १६ पैकी १५ जणांत दुधाची प्रथिनं सापडली, दोघांच्या कीटणात तर घोडीच्या दुधाची! यामनाया नावाचे पशुपालक लोक स्टेपवर दूरदूर पसरले तो हाच काळ. ‘किडीत दूध सापडलं’ असं लिहिलं तर वाचकाला यातलं काय कळणार?

आणखी एक जपायला हवं. उत्तर मंगोलियातल्या खोव्सगोल भागातल्या कांस्ययुगीन दफनांचा अभ्यास २०१८ साली आला. त्या लोकांच्या स्वतःच्या डीएनएमध्ये मोठेपणी दूधसाखर पचवण्याचा जनुकीय गुण जवळजवळ नव्हता, आणि कीटण तपासलेल्या ९ पैकी ७ जणांत मात्र दुधाची प्रथिनं मिळाली. दूध पीत होते, पण ते पचवायला तो गुण लागलाच नाही. ही गंमत कळते ती एक पुरावा माणसाच्या शरीरातला आणि दुसरा कीटणातला आहे, हे स्पष्ट लिहिल्यावरच. म्हणून ‘दातांचा डीएनए’ असं मोघम लिहू नका. दाताच्या आतून काढतात तो त्या माणसाचा स्वतःचा डीएनए मिळवण्यासाठी, कीटणातून काढला तर तो बहुतांश जिवाणूंचा.

त्या जिवाणूंना सरसकट ‘रोगजंतू’ही म्हणू नये. हिरड्यांच्या रोगाशी नातं असलेला टॅनेरेला फोर्सिथिया प्राचीन कीटणात मिळालेला आहे, पण बाकीचे बहुतेक तुमच्या-आमच्या तोंडातले नेहमीचेच रहिवासी. त्यांना ‘मुखातले जिवाणू’ म्हणणं पुरेसं आहे.